कॉम्प्युटरचा ब्लोअर

(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी आरतीनंतर केलेल्या भाषणावरून)



मी काही कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा आणि नोकरी लोको शेडमधली. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी या विषयावरून दोन दिवस अबोला झाला, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

बारावीची परीक्षा संपली आणि चिरंजीवांनी तीस हजारांचे ग्राफिक्स कार्ड मागितले. गेम पंधरा मिनिटांनी अडखळू लागतो, म्हणे. मी नको ते बोललो. खेळण्यासाठी तीस हजार! तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला.

रात्री एक शब्द डोक्यात राहिला : पंधरा मिनिटांनी. कार्ड कमी पडत असते तर गेम पहिल्या मिनिटापासून रडला असता. सुरुवातीला ठीक आणि लोड घेतल्यावर थोड्या वेळाने ढिला, हा आजार आपण शेडमध्ये रोज पाहतो. वॅग-७ इंजिनात ट्रॅक्शन मोटरला हवा मारणारा एमव्हीएमटी ब्लोअर बसला की डीजे पडतो, गाडी उभी. कॉम्प्युटर तेवढा कडक नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि जीव वाचवतो.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटले, तापमान दाखव. वीस मिनिटांनी ९७ अंश! कॅबिनेट उघडले, तर हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी. बिलासपूरला कोळशाच्या गाड्यांशेजारी राहतो आपण, दुसरे काय निघणार? ब्रशने साफ केले (पंखा बोटाने धरून ठेवावा, हवेच्या झोताने भरमसाट फिरू देऊ नये), वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. खर्च तीनशे रुपये. तापमान ७६ वर आले.

मग रॅम पाहिली. आठ जीबीची एकच पट्टी. तशीच दुसरी लावली की मेमरीला सिंगल लाइनची डबल लाइन मिळते. एकेक गाडी पूर्वीच्याच वेगाने धावते, पण सेक्शनमधून वाहतूक जास्त निघते. शिवाय पट्टीवर छापलेले ३२०० आणि धावत होती २४०० वर! बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे लागते. काही स्वस्त मदरबोर्डांवर ही सोय नसते, ते आधी पाहून घ्यावे.

आमच्या होस्टेलवर एकाने लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचा सेलेरॉन ३००ए आणला होता. १९९८ मध्ये निघालेला हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. बस ६६ वरून १०० केली की तोच ४५० वर धावायचा. त्या काळी कारखाना बरीच मार्जिन ठेवून विकत असे. आजचे प्रोसेसर टर्बोमध्ये ती मार्जिन स्वतःच वापरून टाकतात, म्हणून हाताने वेग वाढवून फारसे पदरात पडत नाही. आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर त्याच वेगाला उष्णता साधारण एकवीस टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. उलट काही जण व्होल्टेज जपून थोडे उतरवतात. मला तो मार्ग जास्त पटतो, पण तो माझा शेडचा स्वभाव असेल.

आणखी एक. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, पाहा. मदरबोर्डाला लावून कार्डाला शिव्या देणारे दोन सहकारी मला भेटले आहेत. नावे सांगत नाही, ते समोरच बसले आहेत.

गेम आता अडखळत नाही. मात्र नव्या गेमना जुने कार्ड खरेच अपुरे पडते, हे चिरंजीवांनी मला आकड्यांनिशी दाखवले आणि ते मला मान्य करावे लागले. दिवाळीला बोलू, असे मी म्हटले आहे. त्याने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!