जकात, पेटी आणि परदेशस्थ माणूस



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपली शाळा निष्ठेने चालवीत आहे, त्या गुरुजींना प्रथम विनम्र अभिवादन करतो. साध्या वस्तूकडे पाहूनही मोठा प्रश्न विचारता येतो, ही त्यांची शिकवण होती. त्या शिकवणीस अनुसरूनच मी आजचा विषय निवडला आहे. परदेशी वस्तूंवरील जकात आणि त्या जकातीचा परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसाशी असलेला संबंध, हा तो विषय. मराठीच्या प्राध्यापकाने जकातीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील, काका किंवा मामा आखाती देशांत, बोटींवर किंवा युरोपात नोकरीला आहेत. त्यांच्या घरी येणाऱ्या पेटीचा इतिहास समजून घेणे हे आपल्याच समाजाचा इतिहास समजून घेणे होय.

आरंभ शब्दांपासून करू. 'जकात' हा शब्द अरबी. इस्लाममध्ये त्याचा मूळ अर्थ धर्माने सांगितलेले दान असा आहे. मराठीत येता येता तो नाक्यावर वसूल होणारा कर झाला. आपल्या गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत जकातघराला 'आल्फांदेगा' म्हणत. तो शब्दही मूळचा अरबीच. व्यापाऱ्यांची सराई असा त्याचा जुना अर्थ. म्हणजे जेथे परक्याला उतरायला जागा मिळे, तेथेच पुढे त्याची पेटी उघडली जाऊ लागली. संस्कृतातला शब्द 'शुल्क'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा हिस्सा घ्यावा, असा सर्वसाधारण नियम कौटिल्य देतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. राज्याला पीडा देणारा माल रोखावा, फार उपकारक माल आणि दुर्मीळ बियाणे शुल्काविना येऊ द्यावे, असे तो सांगतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विवाह, भेट, बाळंतपण, पूजा, उपनयन अशा निमित्तांनी नेले जाणारे सामान त्याने शुल्कमुक्त ठेवले आहे. विकायचा माल वेगळा आणि संसाराचे सामान वेगळे, हा विवेक इतका जुना आहे.

दुसरा दाखला आपल्या अगदी शेजारचा. १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त होते. व्यापारी ते उचलू लागले, तर स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसेल, ही महाराजांची चिंता होती. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही, अशी आज्ञा त्यांनी दिली. या पत्राला संरक्षक आयातकराचा उत्तम नमुना मानतात, आणि ते योग्यच आहे. येथे जकात कोणासाठी आहे हे नाव घेऊन सांगता येते. ती कोकणातल्या मिठागरांसाठी आहे.

परंतु आपण गोमंतकीय आहोत, म्हणून या पत्राची दुसरी बाजूही आपल्याला दिसली पाहिजे. बारदेशच्या आगरात मीठ पिकवणारी माणसे पोर्तुगीज नव्हती. ती आपलीच, कुडाळच्या लोकांशी भाषेने आणि नात्याने जोडलेली. सीमारेषा ओढली गेली आणि त्यांच्या हातचे मीठ परके ठरले. यात महाराजांचा दोष नाही; राज्यकर्त्याला आपल्या रयतेचा विचार प्रथम करावाच लागतो. मात्र वस्तूला परकेपण येते ते सीमेमुळे, ती करणाऱ्या हातामुळे नव्हे, एवढे आपण लक्षात ठेवावे.

याच मिठाची पुढची कथा अधिक कटू आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत त्याने काढून टाकली. मुरगाव बंदर आणि लोहमार्ग यांच्या उभारणीला चालना मिळाली. वरवर पाहता हे स्वागतार्ह वाटते. पण मोबदल्यात गोव्याच्या मिठावरचे नियंत्रण ब्रिटिश सरकारकडे गेले आणि पोर्तुगीज सरकारला त्यापोटी वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. मिठावर ब्रिटिश कर लागू झाला, मीठ महागले, लहान आगरवाल्यांचा धंदा मोडला. १८९२ मध्ये करार संपला, पण मोडलेले आगर कराराबरोबर पूर्ववत झाले नाहीत. या काळात मुंबईकडे आणि बोटींकडे जाणारी गोमंतकीयांची वाट रुंद होत गेली. भरपाई सरकारच्या तिजोरीत आणि नुकसान आगराच्या बांधावर, असा हा व्यवहार होता. कुडाळच्या पत्रात जकात कोणासाठी हे स्पष्ट होते. या करारात आगरवाल्याला कोणी विचारलेही नाही.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. १९५४ पासून भारत सरकारने गोव्याशी होणाऱ्या व्यवहारांवर निर्बंध घातले, १९५५ मध्ये रेल्वे वाहतूक थांबली. त्या निर्बंधांमागे मुक्तीचा हेतू होता आणि तो हेतू आपण सर्वांना वंद्य आहे. तरी त्याचा भार कोणावर पडला हे सांगायला हवे. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला घरी पैसे पाठवणे कठीण झाले. इकडे पोर्तुगीज सरकारने लोहखनिजाच्या निर्यातीतून आलेल्या परकीय चलनावर बाहेरचा माल मोठ्या प्रमाणावर आणला. पणजी, मडगाव आणि म्हापशाच्या दुकानांत परदेशी घड्याळे, मद्ये, सौंदर्यप्रसाधने आणि डबाबंद खाद्यपदार्थ भारतातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळत. पोळ्याच्या नाक्यापलीकडे त्याच घड्याळाची किंमत दुसरी होई. घड्याळ तेच, काटे तेच. वाढली ती केवळ सीमा. साहजिकच चोरटा व्यापार वाढला. जेथे कायदेशीर किंमत आणि बाजारातली ओढ यांच्यात फार मोठे अंतर पडते, तेथे चोरवाट आपोआप तयार होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातधोरण येथेही लागू झाले. ते धोरण अकारण कठोर नव्हते. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाला आपले कारखाने जपायचे होते, परकीय चलन तुटपुंजे होते. परंतु संरक्षण म्हणून घातलेले कुंपण हळूहळू इतके उंच झाले की आतल्या रोपाला ऊनही लागेना. १९९१ पूर्वी काही वस्तूंवर जकात ३०० टक्क्यांच्या वर होती. त्या वर्षी परकीय चलनाचे संकट आले, देशाला सोने गहाण ठेवावे लागले आणि नंतर जकातीची कमाल पातळी पायरीपायरीने खाली आली: १५० टक्क्यांवरून २००७ पर्यंत बहुतांश औद्योगिक मालावर १० टक्के.

या उंच कुंपणाच्या काळातच आपला माणूस आखातात गेला. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, तिकडे बांधकामे निघाली आणि गोवा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, केरळ येथून माणसे निघाली. दोन-दोन वर्षांनी ती परत येत तेव्हा त्यांच्याजवळ टेपरेकॉर्डर असे, साडी असे, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले सोने असे. विमानतळावर त्यांची गाठ पडे ती जकात अधिकाऱ्याशी. त्याच्या दृष्टीने ती 'आयात' होती; माणसाच्या दृष्टीने ती दोन वर्षांच्या विरहाची भरपाई होती. कौटिल्याने केलेला माल आणि संसार यांतला भेद येथे पुन्हा समोर उभा राहतो.

आपल्या नियमांनी हा भेद अगदीच नाकारला असे म्हणता येणार नाही. दीर्घकाळ बाहेर राहून कायमचे परतणाऱ्यांना घरसामानासाठी सवलती आहेत. मात्र सवलतीचे आकडे काळाबरोबर चालले नाहीत. उदाहरण घेऊ. २०१६ च्या नियमांनी परतणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतचे सामान शुल्काविना आणता येई. त्यावरच्या किमतीवर, २०१८ नंतर अधिभार धरून, ३८.५ टक्के शुल्क पडे. म्हणजे ८० हजारांचे सामान आणणाऱ्याला ११,५५० रुपये भरावे लागत. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने आणण्याची मुभा होती, परंतु त्यांची किंमत अनुक्रमे ५० हजार आणि १ लाख रुपयांच्या आत असावी लागे. २०२४ मध्ये १० ग्रॅम सोन्याचा भाव ७० हजारांपुढे गेला. तेव्हा कागदावर २० ग्रॅम, पण प्रत्यक्षात ७ ग्रॅमसुद्धा बसेनात. नियम न बदलताच सवलत दोन-तृतीयांश नाहीशी झाली. २०२६ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले, सामानाची मर्यादा ७५ हजार झाली आणि दागिन्यांच्या किमतीची अट जाऊन वजनाची तेवढी राहिली. हे उचित झाले, पण त्यासाठी १० वर्षे लागली.

सोन्याचीच आणखी एक गोष्ट. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने सोन्याची ओढ कमी झाली नाही, चोरटी आयात मात्र फोफावली. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२ पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून उघडपणे सोने आणता येऊ लागले. २०२४ च्या जुलैमध्ये सोन्यावरची आयातजकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणली गेली. माफक जकात माणूस भरतो, अवाजवी जकात चुकवतो. हा अनुभव म्हापशाच्या घड्याळाचाही होता आणि सोन्याचाही आहे.

येथे एक रास्त आक्षेप येईल. येथेच राहून मोलमजुरी करणारा माणूस परदेशी वस्तूवर पूर्ण जकात भरतो. मग बाहेर चांगले कमावणाऱ्याला सूट कशासाठी? हा आक्षेप मी हलका मानत नाही. चैनीच्या वस्तूंवर सूट मागणे मलाही मान्य नाही. पण परदेशस्थ माणूस देशाला काय देतो तेही हिशेबात धरावे. २०२२ मध्ये बाहेरच्या भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम १०० अब्ज डॉलरच्या वर गेली. ज्या परकीय चलनासाठी जकातीची भिंत उभारली, ते चलन मुळात हाच माणूस आणत होता. त्याची मागणी सर्वस्वी माफीची नाही. संसाराचे सामान संसाराचे म्हणून ओळखले जावे, एवढीच आहे.

आता हाच प्रश्न दुसऱ्या किनाऱ्यावरून पाहू. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला 'परदेशी वस्तू' कोणती? त्याच्या राहत्या देशाच्या दफ्तरी कोकम, गोडा मसाला आणि हापूस हाच परदेशी माल असतो. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, ते लासलगाव येथे विकिरण प्रक्रिया करण्याच्या अटीवर. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आंबा अडवला आणि २०१५ च्या आरंभी पुन्हा येऊ दिला. त्या आंब्याच्या किमतीत जकातीपेक्षा विमानभाडे, तपासणी आणि नासाडी यांचा वाटा मोठा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक महागाईचे खापर जकातीवर फोडता येत नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचे वाढीव शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा तेथील भारतीय कुटुंबांच्या वाणसामानापर्यंत त्याची झळ पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरात चहा, कॉफी, मसाले, काही फळे यांना त्या सरकारने वगळले, कारण घरखर्च वाढल्याची तक्रार त्यांच्याच मतदारांत होती. जकात परक्यावर बसवली असे राज्यकर्ते म्हणतात. ती भरतो मात्र वापरणारा.

आणि वापरणाऱ्यांत परदेशस्थ माणसाचा आवाज सर्वांत क्षीण असतो. तो नागरिक नसेल तर राहत्या देशात त्याला मत नाही. मायदेशात कायद्याने मत आहे, पण मतदानाच्या दिवशी तो हजर नाही. दोन्ही जकातघरे त्याची पेटी उघडतात, आणि दोन्ही विधिमंडळांत त्याच्या बाजूने बोलणारा क्वचितच भेटतो. जकात नको, असे माझे म्हणणे नाही. राज्य चालायचे तर कर हवाच, आणि नव्या उद्योगाला काही काळ सावलीही हवी. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक जकातीला कुडाळच्या पत्राची कसोटी लावावी. ही कोणासाठी, याचे उत्तर नाव घेऊन देता आले पाहिजे. त्यासोबत दुसराही प्रश्न विचारावा: हिचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला कोणी विचारले का?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या खुर्च्यांवर बसतील, आणि पुष्कळजण स्वतःच पेटी घेऊन बाहेर पडतील. आपल्या समाजाला तारवट्याच्या पेटीचे कुतूहल फार, पण पेटी आणणाऱ्याची विचारपूस कमी. काय आणले हे आपण प्रथम विचारतो, कसा राहिलास हे नंतर, कधीकधी तर विचारायचे राहूनच जाते. जकात अधिकारी पेटीची किंमत करतो, ते त्याचे कामच आहे. घरच्या माणसांनी तरी आधी पेटी आणणाऱ्याची वास्तपुस्त करावी. एवढे या व्याख्यानातून तुमच्याबरोबर घरी गेले, तर गुरुजींच्या स्मृतीला आजची आदरांजली पोहोचली असे मी समजेन.