सांडलेल्या रक्ताचे मोल



रक्ताला पर्याय नाही, हे वाक्य आपण प्रत्येक रक्तदान शिबिरात ऐकतो. ते खरेच आहे. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाचेच जे रक्त वाहून जाते, त्याचे काय? तोच आजचा विषय.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे सावंगी (मेघे) येथेही झाले. आर्वी, आष्टी, समुद्रपूरकडचा शेतकरी गंभीर दुखणे घेऊन तेथे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. निर्णय योग्यच होता. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात शिबिरे ओसरतात आणि नातेवाइकांची धावपळ सुरू होते. आडात नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

मेंदूला रक्ताचा पुरवठा विपुल असतो. त्याच्या आवरणातील मोठी गाठ काढताना किंवा फुगलेली रोहिणी फुटल्यास अल्पावधीत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. १० किलो वजनाच्या बालकात जेमतेम ८०० मिलिलिटर. त्या बालकाचे वाटीभर रक्त जाणे हेही संकटच.

अमेरिकेतील मेंदू-शस्त्रक्रियेचे अध्वर्यू डॉ. हार्वे कुशिंग आणि डॉ. लॉयल डेव्हिस यांनी १९२५ साली याविषयीचे अनुभव प्रसिद्ध केले. वाहणारे रक्त शोषून घ्यायचे, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळायचे आणि रुग्णालाच परत द्यायचे, अशी ती रीत होती. १९७० च्या दशकात यासाठी यंत्रे आली. यंत्र रक्त गाळते, वेगाने फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करते, त्या सलाईनने धुते. मग त्या शिरेवाटे रुग्णाला दिल्या जातात. रक्त त्याचेच असल्याने परक्या रक्तातून येणाऱ्या रोगाची धास्ती उरत नाही. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या रुग्णाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. अशांना तर हे वरदानच!

परंतु तारतम्य हवे. धुताना रक्तद्रव आणि बिंबिका निघून जातात. रक्तस्राव फार झाला, तर त्या रक्तपेढीतूनच आणाव्या लागतात. जखमेत जंतुसंसर्ग असेल, तर हे रक्त वापरत नाहीत. गाठ कर्करोगाची असेल, तर तिच्या पेशी रक्तात मिसळण्याच्या भीतीने शल्यविशारद सहसा ही पद्धत टाळतात. जखम धुण्याची जंतुनाशके शोषनळीत जाऊ नयेत, हीही दक्षता घ्यावी लागते.

विदर्भाने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. येथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी या प्रक्रियेत विळ्यासारख्या वाकून धोका निर्माण करू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेलची तपासणी महत्त्वाची. घरात कोणाला हा विकार असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये.

यंत्र नवे रक्त निर्माण करत नाही. आहे ते वाया जाऊ देत नाही, एवढेच. शेताच्या बांधावर पाणी अडवावे, तसेच हे आहे. बांध घातला म्हणून पावसाची गरज संपत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी ‘आमच्या रुग्णाचे रक्त परत देता येईल का?’ असे कुटुंबाने नम्रपणे अवश्य विचारावे. आणि घरातील निरोगी तरुणांनी रक्तपेढीची वाट विसरू नये.