माणसाचा घसारा



हिशेबशास्त्रात ‘घसारा’ नावाची एक संकल्पना आहे. यंत्र विकत घेतले, की ते दरवर्षी थोडेथोडे झिजते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. माग चालूच असतो, कापड निघतच असते. तरीही शहाणा कारखानदार वर्षअखेरीस नफा काढण्यापूर्वी त्या झिजेची रक्कम बाजूला ठेवतो. जो ठेवत नाही, त्याचा ताळेबंद काही वर्षे फार देखणा दिसतो. मग एके दिवशी यंत्र बंद पडते आणि ध्यानात येते, की नफा म्हणून जे वाटले गेले, ते वास्तविक भांडवलच होते.

यंत्राच्या बाबतीत जे प्रत्येक व्यापाऱ्याला कळते, ते माणसाच्या बाबतीत, विशेषतः स्वतःच्या मुलाबाळांच्या बाबतीत, कळेनासे झाले आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण पिढीच्या मनाची आणि शरीराची जी झीज होते, तिचा घसारा कोणत्याच वहीत मांडला जात नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या पेठेतील मुलगा अभियंता होतो आणि पुण्याला हिंजवडीत किंवा खराडीत नोकरीस लागतो. पहिली चार-पाच वर्षे उत्साहाची असतात. पगार वाढतो, परदेशवारी घडते, सदनिकेचे कर्ज घेतले जाते. गावी वडिलांची मान ताठ होते. पुढे केव्हातरी तो दूरध्वनीवर थोडके बोलू लागतो. सणाला घरी आला, तरी संगणक मांडीवर असतो. पूर्वी ज्या कामाविषयी तो हौसेने सांगे, त्याचा विषय निघताच तो तिटकाऱ्याने बोलतो. रविवारी सायंकाळ झाली, की त्याच्या पोटात गोळा येतो. आई म्हणते, ‘दृष्ट लागली असेल.’ वडील म्हणतात, ‘चार दिवस विश्रांती घे, बरे वाटेल.’ तो चार दिवस झोपतो आणि पाचव्या दिवशी तितकाच थकलेला उठतो.

हा साधा थकवा नव्हे. थकवा विश्रांतीने जातो. ही अवस्था केवळ विश्रांतीने जात नाही. इंग्रजीत तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. समईतील तेल संपले, की वात स्वतःच जळू लागते, असा त्याचा मराठी अर्थ सांगता येईल. हा शब्द वैद्यकीय लेखनात रूढ करण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांना दिले जाते. दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून ते रात्री एका मोफत दवाखान्यात सेवा करीत. तेथील निष्ठावान सहकारी एकेक करून कोमेजताना त्यांनी पाहिले आणि ते स्वतःही त्याच अनुभवातून गेले. त्यांचा लेख १९७४ साली प्रसिद्ध झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या दवाखान्यात कोमेजत होती ती आळशी माणसे नव्हती. जी सर्वाधिक तळमळीने काम करीत होती, तीच आधी विझत होती.

पुढे कॅलिफोर्नियातील संशोधिका क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. या अवस्थेची तीन लक्षणे आज सर्वमान्य आहेत. पहिले, शक्ती पूर्णपणे आटून जाणे. दुसरे, कामाविषयी आणि माणसांविषयी दुरावा व कडवटपणा येणे. तिसरे, ‘माझ्याकडून काहीच धड होत नाही’ अशी भावना बळावणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हीच तीन लक्षणे नोंदवली. मात्र ‘बर्नआउट’ हा रोग नसून कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक अवस्था आहे, असेही संघटनेने स्पष्ट केले. याचा अर्थ महत्त्वाचा आहे. दोष केवळ माणसाच्या मनात शोधून चालणार नाही, कामाची रचनाही तपासावी लागेल.

येथे ज्येष्ठ पिढीचा एक स्वाभाविक आक्षेप असतो. ‘दुकानात बारा-बारा तास उभे राहून आमची हयात गेली. आम्ही कोठे जळून गेलो? ही मुले तर थंडगार कचेरीत खुर्चीवर बसतात.’ ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले, तेव्हाही अनेक घरांतून हाच सूर उमटला. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी कामाची सहा अंगे सांगितली आहेत : कामाचा भार, कामावरील नियंत्रण, मोबदला व दखल, सहकाऱ्यांचा समूह, न्याय आणि मूल्ये. माणूस आणि काम यांचा मेळ या सहांपैकी जितक्या अंगांत बिघडतो, तितका जळण्याचा धोका वाढतो. या कसोटीवर गादीवरचा व्यापारी आणि संगणकासमोरचा अभियंता यांना शेजारी बसवून पाहावे. व्यापाऱ्याचा भार मोठा असतो, परंतु दुपारी गिऱ्हाईक नसले, की तो लोडाला टेकतो. कोणता माल भरायचा, उधारी कोणाला द्यायची, हे तोच ठरवतो. लुगडे पसंत पडलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्याला समोर दिसतो. शेजारचा दुकानदार चहाला हाक मारतो. रात्री फळ्या लागल्या, की दुकान बंद होते.

अभियंत्याचे दुकान बंदच होत नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात, तेव्हा भारतात ऋतुमानाप्रमाणे सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. कॅलिफोर्नियात ९ वाजतात, तेव्हा येथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा होतात. ग्राहकाचा दिवस उगवतो, तो येथील माणसाचा दिवस मावळल्यानंतर. बँकेची किंवा विमान आरक्षणाची संगणक प्रणाली अहोरात्र चालते, म्हणून कोणीतरी पाळीने ‘ऑन-कॉल’ राहावे लागते. प्रणालीत बिघाड झाला, की रात्री दोन वाजता भ्रमणध्वनी वाजतो. तो वाजला नाही, तरी वाजेल या धास्तीने झोप सावध राहते. मुदती दुसरेच कोणी ठरवते. केलेल्या कामाचा उपभोग घेणारा माणूस कधी दृष्टीस पडत नाही. दर काही वर्षांनी शिकलेली विद्या जुनी होते, आणि २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वत्र पोहोचल्यावर आपली जागा राहील की नाही, ही चिंताही त्यात मिसळली आहे. तासांची बेरीज एकच असली, तरी दोन्ही कामांची जात एक नव्हे.

आणि तासांचेही शरीरावर परिणाम होतातच. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

विश्रांती ही चैन नसून हक्क आहे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी कामगाराला साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी आज घराघरांत निवांत जेवण होते, तो रविवार कोणीतरी झगडून मिळवलेला आहे. भ्रमणध्वनीने तो हळूहळू परत नेला आणि कोणाला फारसे कळलेही नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. भारताच्या लोकसभेत खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस याच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. परंतु त्याचा कायदा झाला नाही.

मग उपाय कोणते? ते तीन ठिकाणी योजावे लागतात : कचेरीत, स्वतःपाशी आणि घरी.

कचेरीतील उपाय अशक्य कोटीतील नाहीत. गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या कार्यपद्धतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील नियम व्यापाऱ्यालाही पटावेत असे आहेत. प्रणालीवर पहारा ठेवण्याचे ‘ऑन-कॉल’ काम अभियंत्याच्या एकूण वेळेच्या २५ टक्क्यांहून अधिक असू नये. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त बिघाड एकाच्या वाट्याला येऊ नयेत, कारण एक बिघाड निस्तरून त्याची नोंद पूर्ण करण्यास सरासरी सहा तास लागतात. पथक एकाच ठिकाणी असेल, तर अशी पाळी चालवण्यास किमान आठ माणसे हवीत. बिघाडानंतर चौकशी करावी ती दोषी शोधण्यासाठी नव्हे, तर कारण शोधण्यासाठी. यांत दयामाया नाही, चोख हिशेब आहे. चार माणसांत आठांचे काम करून घेणारा व्यवस्थापक खर्च वाचवत नसतो. तो केवळ घसारा लपवत असतो. या समाजातील जे तरुण आज स्वतः व्यवस्थापक झाले आहेत आणि ज्यांनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढल्या आहेत, त्यांनी हे नियम आपल्या हाताखालच्या माणसांना लागू केले, तरी मोठे कार्य होईल.

स्वतःपाशी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत, म्हणूनच त्या टाळल्या जातात. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप आवश्यक आहे. त्यावर उधारी चालत नाही, आणि चाललीच, तर व्याज जबर असते. रात्रपाळी किंवा परदेशी बैठक अटळ असेल, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी मागून घ्यावी. कामाची यादी वाढत असताना केवळ ‘हो’ न म्हणता ‘हे घेतले, तर यातील कोणते बाजूला ठेवू?’ असे विचारावे. कामाचा भ्रमणध्वनी शयनगृहाबाहेर ठेवावा, अर्थात पाळी नसेल तेव्हा. ज्यातून अर्थार्जन होत नाही, अशी एक तरी आवड जोपासावी. मुख्य म्हणजे, कर्जाचा हप्ता आजच्या संपूर्ण पगारावर बेतू नये. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असला, की माणूस नोकरीत ताठ मानेने ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याचा प्रत्येक रुपया हप्त्याला बांधलेला आहे, त्याला वाईट साहेबही सोडता येत नाही. म्हणून शिल्लक हेही मनाच्या आरोग्याचे औषध आहे.

आता घराकडे वळावे लागेल, आणि हा भाग थोडा बोचणारा आहे. मुलगा घरी आल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘पॅकेज किती झाले?’ लग्नाच्या बोलण्यांत परिचयपत्रावर ठळक काय असते? वार्षिक उत्पन्न. अमक्याचा मुलगा अमेरिकेत स्थिरावला, हे वाक्य जेवणाच्या ताटावर किती वेळा वाढले जाते? या प्रश्नांमागे दुष्टावा नसतो, कौतुकच असते. परंतु ज्याच्या आत वात जळू लागली आहे, त्याला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते : येथेही थांबण्याची मुभा नाही. सुनेच्या बाबतीत तर हा भार दुप्पट होतो. तीही त्याच कचेरीतून, त्याच बैठका आटोपून येते. तिला मात्र स्वयंपाकघरातील दुसरी पाळी चुकत नाही.

घराने फार काही करायचे नाही. ‘किती मिळवतोस’ याऐवजी ‘झोप लागते का’ असे विचारायचे. नोकरी बदलावी वाटली, कमी पगाराचे परंतु माणसासारखे काम घ्यावे वाटले, काही महिने थांबावे वाटले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवायचा. आणि मन सतत उदास राहू लागले, कशातच रस वाटेनासा झाला, जगणे नकोसे वाटल्याचे बोलणे निघाले, तर ते काम अथवा स्वभाव यांवर न ढकलता तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे. हाड मोडले, तर कोणी लपवत नाही. मन मोडले, तरी लपवण्याचे कारण नाही.

दिवाळीला वह्यांचे पूजन होते, येणे-देणे मांडले जाते. येत्या दिवाळीत मुले-सुना घरी येतील, तेव्हा प्रत्येक घराने आणखी एक खाते उघडावे. या वर्षात कोण किती झिजले, याचे. त्यात आकडे नसतील. एखाद्या संध्याकाळी संगणक मिटवून, भ्रमणध्वनी दूर ठेवून, वडिलांनी मुलाशेजारी शांतपणे बसावे आणि त्याला हवे ते, हवे तितके बोलू द्यावे. तो काहीच बोलला नाही, तरी उठू नये. भांडवल शाबूत राहिले, तर नफा पुढेही होत राहील. भांडवलच गेले, तर कोणत्याही पॅकेजने ते परत येत नाही.