पाळी सुटल्यावर



बाबूराव बागूल यांचा जन्म 1930 सालचा, नाशिक रोडजवळच्या विहितगावचा. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह 1963 साली आला. त्यातली शीर्षककथा घडते रेल्वेच्या कामगारांत, सुरतेजवळच्या उधन्याला. नवा आलेला कामगार कविता करतो म्हणून सोबतचे त्याला डोक्यावर घेतात. एक जण तर त्याला गुरू मानून घरी नेतो. पुढे जात उघड होते आणि त्याला मार पडतो. त्याला सोडवायला धावतो तो दुसरा एक कामगार, ज्यानं स्वतःची जात कधीच लपवलेली नसते.

कामगारांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा हल्ली मोठ्या कंपन्यांत होते. तिची सुरुवात या कथेपासून व्हायला हवी. लपवाछपवी करत आठ तास काढणाऱ्या माणसाला शेजारच्या मशीनवरचा मित्र असूनही सोबत मिळत नाही.

नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 12 अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वर्षातून एकदा तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवून हे दुखणं हटणारं नाही. त्याला कामाच्या जागी रोजची सोबत लागते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1927 पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून प्रयोग झाले. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास कमी-जास्त केले, आणि उत्पादन वाढत गेलं. ते नेमकं कशामुळे वाढलं, यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले. त्या मुलींची मजुरी मोजायची रीतही बदलली होती, हे विसरता येत नाही. पण त्या खोलीत मैत्री झाली. एखादी थकली की दुसरी तिची बाजू सांभाळू लागली. सुपरवायझरचा धाक कमी होता, बोलायला मोकळीक होती, म्हणून हे घडलं.

अशी मोकळीक आपल्याकडे नाटकाच्या तालमीच्या खोलीनं दिली. 1953 च्या कायद्यातून उभं राहिलेलं कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेतं, भजनस्पर्धा घेतं, कामगारांचं साहित्य संमेलन भरवतं. त्याच्या निधीत जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराच्या पगारातून थोडे पैसे जातात, मालक आणि सरकारही आपापला वाटा घालतात. म्हणजे हा कुणाचा उपकार नाही. नाटक बसवताना पाळ्या बदलून घ्याव्या लागतात, एकमेकांची वाक्यं पाठ करावी लागतात. मशीनवरचा ऑपरेटर राजा होतो आणि त्याचाच साहेब दरबारात हात जोडून उभा राहतो. महिनाभर असं वागल्यावर सोमवारी खात्यात ती दोन माणसं एकमेकांशी पूर्वीसारखी तुटक बोलू शकत नाहीत.

नोटा छापणारी नाशिक रोडची प्रेस, ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत यांनी नाशिकला कामगारांचं शहर बनवलं. आता मात्र मशीनवर कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी मुलगा उभा असतो. काम तेच, पगार वेगळा, आणि पुष्कळदा गणवेशही वेगळा. खानदेशातून नाहीतर बिहारमधून आलेला हा मुलगा चार जणांत खोली करून राहतो. कंत्राट संपलं की त्याची जागा दुसरा घेतो, आणि गेलेल्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. बागुलांच्या कथेतल्या कामगाराला जातीनं एकटं पाडलं होतं. या मुलाला हजेरीपटावरचा कंत्राटदाराचा शिक्का एकटं पाडतो आहे, आणि जात अजून सुटलेली नाहीच.

युनियनच्या कार्यकर्त्यांनो, कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांनो, कॅन्टीनमध्ये कायम आणि कंत्राटी कामगारांना एकाच टेबलावर बसवा. पाळी बदलताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटता येईल इतका वेळ द्या, बस दहा मिनिटं उशिरा सोडा. आणि यंदाच्या नाट्यस्पर्धेसाठी संघ निवडाल, तेव्हा कंत्राटी सोबत्यांची नावं त्यात घाला. नियम आडवा येत असेल, तर तो बदलून घेण्याची मागणी युनियननं करावी.