पुन्हा पहिल्यापासून : काळप्रवासी मारेकऱ्यांच्या चित्रपटमालेविषयी



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी थोड्या संकोचाने विचारले की, अभ्यासवर्गात हा विषय खरोखरच घ्यावयाचा आहे काय. त्यांचा संकोच मला समजतो. भविष्यकाळातून माणसाच्या रूपात आलेला यंत्रमानव आणि त्याने चालविलेला गोळीबार ह्याला मारधाडपट म्हणण्याची आपली रीत आहे, आणि मारधाडपटांवर कोणी व्याख्याने देत नाही. परंतु 'टर्मिनेटर' मालिकेतील पहिला चित्रपट २००८ साली आणि दुसरा २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. त्याच मालिकेचे पुढचे चित्रपट मात्र एकामागून एक असे निघाले की, जणू आधीचा चित्रपट ही एक चूक होती व ती आता दुरुस्त करावयाची आहे. एवढी मोठी गोष्ट पुन्हा नीट का सांगता येत नाही, हा प्रश्न मला कित्येक वर्षे सतावीत आला आहे.

अशा नव्या आरंभाला चित्रपटव्यवसायात 'रिबूट' म्हणतात. शब्द संगणकाच्या क्षेत्रातला आहे. यंत्र अडले की ते बंद करून पुन्हा चालू करावयाचे, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत साचलेला गोंधळ पुसला जातो. निर्मात्यांना हा शब्द आवडला ह्यात नवल नाही. अडचण एवढीच की, येथे स्मृती प्रेक्षकाची असते आणि ती पुसण्याची कळ निर्मात्याच्या हाती नसते.

मूळ चित्रपट १९८४ चा. दिग्दर्शक जेम्स कॅमरून तेव्हा जवळजवळ अनोळखी होता. रोममध्ये तापाने अंथरुणाला खिळलेला असताना, आगीतून बाहेर येणारा एक धातूचा सांगाडा त्याला स्वप्नात दिसला, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. पटकथेचे हक्क त्याने निर्माती गेल अ‍ॅन हर्ड हिला केवळ एका डॉलरला दिले. अट एकच, दिग्दर्शन त्यानेच करावयाचे. चित्रपटाला सुमारे ६४ लाख डॉलर खर्च आला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती, आणि ती तशी होती हे पडद्यावर दिसते. बहुतेक कथा रात्री घडते, लॉस एंजेलिसच्या ओल्या रस्त्यांवर, मोटारींच्या तळघरांत आणि स्वस्त लॉजच्या खोल्यांत. शेवटी स्टॅन विन्स्टनने घडविलेला सांगाडा लंगडत चालतो. ते लंगडणे मी आजवर विसरलेलो नाही.

कथा आपणांस ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. २०२९ साली स्कायनेट नावाच्या यंत्रसत्तेचा जॉन कॉनर नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली पराभव होत असतो. म्हणून ती सत्ता एक मारेकरी १९८४ सालात पाठविते. जॉनच्या आईला, सॅराला, तो जन्मण्यापूर्वीच मारावयाचे. तिच्या रक्षणासाठी काइल रीस नावाचा सैनिक मागोमाग येतो, आणि पुढे तोच जॉनचा पिता ठरतो. म्हणजे मारेकरी पाठविला नसता तर जॉन जन्मलाच नसता. पाश्चात्त्य समीक्षक येथे काळाच्या वर्तुळाची चर्चा करतात. आपल्याकडच्या श्रोत्याला त्यासाठी भौतिकशास्त्राकडे जावे लागत नाही. त्याने कंसाची गोष्ट ऐकलेली असते. आकाशवाणी ऐकून भयभीत झालेला राजा देवकीला बंदिवासात टाकतो, आणि आपला मृत्यू टाळण्यासाठी तो जे जे करतो त्यातूनच त्या मृत्यूची वाट तयार होते.

कंसाची आठवण मी आणखी एका कारणाने काढतो आहे. वैरी जन्मला आहे पण कोठे, हे न कळल्यामुळे कंसाने पूतनेला गावोगावची तान्ही मुले मारावयास पाठविले. 'द टर्मिनेटर'मध्ये नेमके हेच घडते. युद्धात बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली आहेत. यंत्राला बाईचे नाव आणि शहर एवढेच ठाऊक आहे. पत्ता नाही, चेहरा नाही. म्हणून मारेकरी रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात शिरतो, निर्देशिका उघडतो, त्यात सॅरा कॉनर नावाच्या तीन स्त्रिया सापडतात, आणि तो पहिलीपासून सुरुवात करतो. त्याच्या मनात द्वेष नाही, घाईही नाही. यादीतली पहिली नोंद, मग दुसरी. तिसरी सॅरा दूरचित्रवाणीवरील बातम्यांत आपल्याच नावाच्या स्त्रियांच्या खुनांची हकीकत ऐकते, आणि तेथून तिची रात्र सुरू होते.

हा चित्रपट मी प्रथम एका शेजाऱ्यांच्या घरी, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. चित्र मधूनमधून वर सरकत असे. तेव्हा माझ्या मनात आलेला विचार सांगितला तर आपण हसाल. आमच्या गावची टेलिफोन निर्देशिका बोटभर जाडीचीही नव्हती. तीत धान्याचे व्यापारी, डॉक्टर आणि सरकारी कचेऱ्या. आमच्या घरी टेलिफोन नव्हताच. मला वाटले, हा यंत्रमानव आपल्या गावी आला तर अडतबाजारातच अडकून पडेल. त्या वयात मला त्या विचाराने फार धीर आला होता.

ह्या धीराचे मर्म फार उशिरा ध्यानात आले. सॅरा वाचते ती मारेकऱ्याच्या अज्ञानामुळे. त्याची ताकद अमर्याद आहे, पण त्याच्यापाशी माहिती नाही, आणि दोहोंच्या मधल्या फटीत एका उपाहारगृहातील सेविकेला जगावयास थोडा वेळ मिळतो. आता आजची स्थिती पाहा. प्रत्येकाच्या खिशात त्याचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र आहे, प्रत्येक चौकात छायाचित्रक आहे, आणि आपले चेहरे आपण स्वतःच चव्हाट्यावर ठेविले आहेत. आज मारेकऱ्याला निर्देशिका उघडावी लागणार नाही. ह्या मालिकेचा नवा आरंभ करू पाहणाऱ्याने पहिला विचार ह्याचा करावयास हवा होता. पुढच्या चित्रपटांनी मारेकऱ्याचे शरीर सुधारण्यावर मात्र भरमसाट पैसा खर्च केला.

दुसऱ्या चित्रपटाविषयी, १९९१ च्या 'जजमेंट डे'विषयी, मी ही तक्रार करणार नाही. त्याला सुमारे दहा कोटी डॉलर लागले आणि त्याचे चीज झाले. पाऱ्यासारखा वाहणारा मारेकरी घडविण्यासाठी संगणकाने निर्मिलेली दृश्ये सारी मिळून जेमतेम पाच मिनिटांची आहेत. बाकीचे काम विन्स्टनच्या कारागिरांनी हातांनी केले. पण त्याचे खरे धाडस वेगळे होते. पहिल्या चित्रपटात काहीच बदलता येत नाही. दुसरा म्हणतो की बदलता येते. ज्याच्या संशोधनातून ते यंत्र जन्मणार आहे त्या माइल्स डायसनला मारावयास सॅरा त्याच्या घरी जाते, आणि त्याच्या बायकोमुलासमोर तिचा हात थांबतो. त्या क्षणी ती यंत्रासारखी व्हावयाची वाचते. पुढे डायसन स्वतःचे काम स्वतः उद्ध्वस्त करतो, भला यंत्रमानव वितळलेल्या पोलादात उतरतो, आणि समोर अंधारातला रस्ता तेवढा उरतो. वृद्ध झालेली सॅरा शांत उद्यानात बसली आहे, असा एक शेवट चित्रितही झाला होता. तो गाळला हे बरे केले.

येथे कथा संपली होती. संपलेली कथा पुन्हा चालवावयाची तर त्या त्यागाची किंमत शून्य करावी लागते, आणि पुढे तेच झाले. २००३ च्या तिसऱ्या चित्रपटाने सांगितले की प्रलय टळला नव्हता, लांबला होता. त्याचा शेवट तरी प्रामाणिक होता, हे मी मान्य करतो. २००९ चा 'सॅल्व्हेशन' थेट भविष्यातील युद्धात गेला. त्या युद्धाची भीती त्याच्या ओझरत्या दर्शनात होती. दोन तास पाहिल्यावर ते इतर कोणत्याही युद्धासारखेच दिसते. २०१५ च्या 'जेनिसिस'ने मूळ १९८४ सालच पुन्हा लिहिले आणि खुद्द जॉनलाच यंत्र केले. दूरचित्रवाणीवरील 'सॅरा कॉनर क्रॉनिकल्स' ही मालिका ह्या सर्वांहून अधिक विचारी होती. ती २००९ साली दोन पर्वांनंतर बंद करण्यात आली.

२०१९ च्या 'डार्क फेट'वर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण त्यात कॅमरून निर्माता म्हणून परतला आणि लिंडा हॅमिल्टन पुन्हा सॅरा झाली. आरंभीच्या काही मिनिटांतच जॉनला ठार केले जाते. मग दुसरी यंत्रसत्ता, दुसरे युद्ध, आणि मेक्सिकोतील दुसरी एक मुलगी जगाची तारणहार. मुलगी कारखान्यात काम करते आणि तेथे तिच्या भावाची जागा यंत्र घेते, ही सुरुवात चांगली होती. पण एकूण बेत असा झाला की, भागवताच्या पहिल्याच अध्यायात कृष्णाला गोकुळात मारावे आणि मग शेजारच्या गावी दुसरे बालक शोधावे. श्रोते उठून जातील, आणि प्रेक्षक तसे गेलेही. अठरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाच्या चित्रपटाने जगभरात सुमारे सव्वीस कोटी मिळविले. चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. २०२४ साली 'टर्मिनेटर झीरो' ही सचेतपट मालिका १९९७ च्या टोकियोत घडविण्यात आली. तीही एका पर्वानंतर थांबली.

ह्या सर्वांचा दोष लेखकांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. एका डॉलरला दिलेले ते हक्क पुढे हातोहात फिरले. त्यांच्या मालकांपैकी कॅरोल्को १९९५ साली आणि हॅल्सियन २००९ साली दिवाळखोरीत गेली. हक्कांसाठी मोठी रक्कम मोजणाऱ्याला एका चित्रपटात भागत नाही. तो तीन चित्रपटांची योजना आखतो. 'सॅल्व्हेशन', 'जेनिसिस' आणि 'डार्क फेट' हे तिन्ही अशा नियोजित त्रयींचे पहिले भाग होते, आणि एकाचाही दुसरा भाग निघाला नाही. पहिल्याच चित्रपटात पुढच्या दोहोंसाठी राखून ठेवावयाचे असेल तर कोणालाही धड मरू देता येत नाही. अमेरिकन कायद्याने लेखकाला दिलेले हक्क पस्तीस वर्षांनंतर, त्या देशापुरते, परत मागण्याची सोय ठेविली आहे. तोवर झालेली हानी मात्र तो भरून देत नाही.

मग नवा आरंभ करूच नये काय? मी तसे म्हणणार नाही. माझ्या मते चित्रपट लहान हवा, एका रात्रीचा आणि एका शहराचा. आपल्या लाडक्या श्वार्झनेगरला त्यात स्थान नसावे. तो आता आपल्याला भीती घालीत नाही. तो जुना स्नेही झाला आहे, आणि मध्यंतरी कॅलिफोर्नियाचा राज्यपालही होऊन गेला. त्या काळी निर्देशिकेत तीन नावे होती. आज यंत्राला लाखो माणसांची माहिती असेल आणि ते संभाव्यतेने निवड करील : हा चेहरा इतका जुळतो, ही सवय इतकी जुळते, तेव्हा हीच ती असावी. अज्ञानाची फट अजूनही आहे. पूर्वी ती माहितीच्या अभावात होती, आता 'असावी' ह्या शब्दात आहे. ज्या स्त्रीची चुकून निवड झाली आहे आणि जिला तसे कोणाजवळ सिद्ध करता येत नाही, तिची ती रात्र मला पाहावयाची आहे.

हे कल्पनारंजन नव्हे. माणसाच्या अनुमतीवाचून लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२३ मध्ये १५२ मतांनी ठराव संमत केला. विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश होता. ह्या प्रश्नाची चर्चा जिनिव्हातील शस्त्रकराराच्या चौकटीतच व्हावी, अशी आपल्या शासनाची भूमिका राहिली आहे. ती बरोबर की चूक ह्याचा वाद मी आज येथे काढणार नाही. पण तो वाद आपल्या घरचा आहे, लॉस एंजेलिसचा नाही, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आमच्या गावची ती पातळ निर्देशिकाही आता कोणाचे रक्षण करीत नाही.

पडदा तयार असल्याची खूण कार्यवाह मघापासून करीत आहेत. मूळ चित्रपट आपण आता पाहणार आहोत. माझी एक विनंती आहे. सुरुवातीच्या भागात एका घरासमोर मोटार येऊन थांबते आणि चाकाखाली मुलाचा खेळण्यातला ट्रक चिरडला जातो. दार साखळी लावूनच किलकिले उघडते. उंबऱ्याआतली बाई आपले नाव बरोबर सांगते. तिचे दृश्य पुरते मिनिटभराचेही नाही, आणि कथा लगेच खऱ्या सॅराकडे वळते. आपण मात्र त्या बाईकडे नीट पाहावे.