बोटांनी पाहावयाचा पट



रात्रीचा डाव संपला तरी तो डोक्यातून उठत नाही, हा अनुभव बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकास असेल. पहाटे चारच्या सुमारास जाग येते, दूरवर आगगाडीची शिटी ऐकू येते, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ६४ घरे उभी राहतात. परंतु गेल्या शुक्रवारच्या बैठकीनंतर माझी झोप उडाली, ती डावाच्या जयपराजयामुळे नव्हे.

परभणीस आमच्या आळीत दर शुक्रवारी रात्री चार-सहा मंडळी खेळावयास जमतात. त्यांतील सर्वांत वडील म्हणजे आमचे गुरुजी. जिल्ह्यातील शाळांत त्यांची उभी हयात गेली. अलीकडे काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू हिरावून घेतली आहे. या विकारात वेळेवर उपचार झाल्यास उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली मात्र परत मिळत नाही. परवा वजीर चाचपताना त्यांच्या बोटांनी तीन प्यादी आडवी झाली. आम्ही निमूटपणे ती उभी केली. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी तुम्ही खेळा. मी आपला ऐकत बसेन."

गुरुजींची बुद्धी पूर्वीइतकीच तल्लख आहे. अडचण आहे ती पटाची, आणि पट ही तर लाकडाची वस्तू! मनुष्याचे डोळे बदलता येत नसतील. पट खचित बदलता येतो.

हा विचार काही नवा नव्हे. अंध खेळाडूंची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना पुष्कळ वर्षांपासून काम करीत आहे. २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत बडोद्याच्या दर्पण इनाणी यांनी अंधांच्या बुद्धिबळात वैयक्तिक व सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळविली. अंधांच्या पटावर काळी घरे पांढऱ्या घरांहून किंचित उंच असतात, प्रत्येक घराच्या मध्यभागी भोक असते, आणि मोहऱ्यांच्या बुडाशी त्या भोकात बसणारी खुंटी असते. काळ्या मोहऱ्यांवर बोटाला कळेल अशी खूण ठेवतात. एरवी ज्या मोहऱ्यास हात लावला तो खेळावाच लागतो. येथे मात्र मोहरा भोकातून उचलला, तरच त्यास हात लागला असे मानतात. बोटे पटभर खुशाल फिरावीत. त्यांचे फिरणे म्हणजे पाहणेच होय.

तेव्हा शनिवार-रविवारचा बेत मी अंथरुणातच आखला. बूड सागवानाचे घ्यावयाचे. चार सेंटिमीटरचे एक घर धरले, तर आठ घरांचे ३२ सेंटिमीटर होतात. चहूबाजूंस दोन-दोन सेंटिमीटरची कड सोडली की फळी ३६ सेंटिमीटरची झाली. तीवर गुण्या लावून रेघा मारावयाच्या. शिसवीच्या तीन मिलिमीटर जाडीच्या ३२ चकत्या कापून त्या काळ्या घरांच्या जागी चिकटवावयाच्या. मग प्रत्येक घराचे कर्ण आखून, ते जेथे छेदतात तेथे गिरमिटाने भोक पाडावयाचे. भोक फळीच्या आरपार जाऊ नये, यास्तव गिरमिटाच्या टोकास दोरा गुंडाळून खोलीची खूण करावी. काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर पितळेची बारीक चूक ठोकली की ओळख पटली.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि हा फरक रेषांच्या लांबीपेक्षा त्यांच्या आडव्या दिशेने पुष्कळच अधिक असतो. आपल्याकडे वैशाखातील कोरडेपणा आणि श्रावणातील ओल यांत केवढे अंतर! म्हणून फळीभोवतीची चौकट घट्ट चिकटवू नये. फळीला हलावयास थोडी जागा ठेवावी. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात फळीला चीर पडावयाची.

परंतु सुतारकामाहून अवघड प्रश्न निराळाच होता. असा पट पुढे ठेवला, आणि गुरुजींना ती दया वाटली तर? त्याचे उत्तरही खेळाच्या नियमांतच सापडले. डोळस गड्याने आपल्या साध्या पटावर खेळावे, अंधाने आपल्या पटावर. मात्र प्रत्येक खेळी दोघांनीही मोठ्याने सांगितली पाहिजे. म्हणजे आपली सवय एकट्या गुरुजींनीच बदलावयाची असे नाही; आम्हा सर्वांसच बोलून खेळावयास शिकावे लागेल.

ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून त्या खेळात पटाच्या आठ उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर अशी नावे आहेत. आम्हांस इतके दूर जाण्याचे कारण नाही. परभणी वगळता जिल्ह्यात नेमके आठच तालुके उरतात: गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू आणि सोनपेठ. राजापुढील प्यादे दोन घरे सरकले की म्हणावे, "पूर्णा चार." सेलूचा घोडा निघाला की म्हणावे, "मानवत तीन." हे सारे तालुके गुरुजींच्या पायाखालचे आहेत. त्यांची नावे ऐकताच पट त्यांना आम्हांपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल, असा माझा अंदाज आहे. पुढच्या शुक्रवारी पांढरी मोहरी त्यांच्याकडे द्यावयाची, आणि पहिल्या गावाचे नाव त्यांच्या तोंडून ऐकावयाचे, असे ठरविले आहे.