कॅमेऱ्यामागे आपले कोण?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला निरोप धाडला, "तुम्ही नांदेडला जाऊन काय शिकलात ते वस्तीला सांगा." आम्ही तिघेही याच वस्तीतले. दोघे भाऊ-भाऊ आणि एक आमची मावसबहीण. सकाळच्या गाडीने मुदखेड जंक्शनहून नांदेडला जायचे आणि सायंकाळी मिळेल त्या गाडीने परत यायचे, असे करून आम्ही तिथल्या एका महाविद्यालयात व्हिडिओ निर्मिती आणि प्रसारमाध्यमांचा कोर्स पूर्ण केला. त्या काळात स्टेशनच्या वाटेवर रोज कोणी ना कोणी विचारायचे, "काय शिकता रे?" आम्ही म्हणायचो, "व्हिडिओ." की लगेच, "म्हणजे लग्नाची शूटिंगच की! त्याला कॉलेज कशाला लागते?"

तेव्हा आम्ही हसून पुढे जायचो. आज मात्र उत्तर देणार आहोत. उत्तराच्या आधी आमची एक चूक कबूल करतो, कारण त्या चुकीनेच आम्हाला कॉलेज कशाला लागते ते शिकवले.

पहिल्या वर्षी आम्हाला काम दिले होते की घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाची दहा मिनिटांची मुलाखत घेऊन या. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ होत्या आणि बाबासाहेबांवरची गाणी त्या स्वतः जुळवून म्हणायच्या. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या गावोगावी आपल्या वस्त्या जळाल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. त्या दिवसांत आजी लेकरांना घेऊन रातोरात गाव सोडून मुदखेडला आल्या होत्या. ते सगळे त्यांनी त्या दिवशी सांगितले. गायल्या, रडल्या, आणि शेवटी हसल्याही. आम्ही कॅमेरा उंच स्टँडवर लावून खूश होतो. चित्र झकास आले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजात ते लावले. ऐकू आली ती फक्त कुलरची घरघर. आजीच्या मागे कुलर चालू होता, वेगळा माईक आम्ही लावलाच नव्हता, आणि कानाला हेडफोन लावून तपासण्याची अक्कल तेव्हा नव्हती. सर एवढेच म्हणाले, "परत जा, परत घ्या." आम्ही म्हटले, परीक्षा होऊ द्या, मग घेऊ. परीक्षा संपायच्या आत आजी गेल्या.

ते चित्र आजही आमच्याकडे आहे. आजीचे ओठ हलतात, हात हलतो. त्यांची नात ते पाहून विचारते, "दादा, आजी काय म्हणायली?" आम्हाला सांगता येत नाही.

बंधू-भगिनींनो, लग्नाची शूटिंग आणि हे शिक्षण यातला फरक तो आहे. बटण कोणालाही दाबता येते. आज घरोघरी मोबाईल आहे, बटण दाबायला कॉलेज लागत नाही. पण काय टिपायचे, आवाज कसा धरायचा, कुठून पाहायचे, काय ठेवायचे, काय कापायचे आणि कापलेले कसे जपायचे, हे शिकावे लागते. हे आपण शिकलो नाही तर आपल्या माणसांचे ओठ हलताना दिसतील आणि शब्द दुसरेच कोणी घालतील.

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण पडद्यावर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची दृश्ये पाहतो. तो अफाट जनसमुदाय आणि ते रडणारे चेहरे बघून आजही आपला कंठ दाटून येतो. पण ती दृश्ये कोणी टिपली, असे आपण कधी विचारले काय? नामदेवराव व्हटकर यांनी. आपल्यातलाच हा माणूस, लेखक आणि चित्रपटाच्या धंद्यातला जाणकार. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा कोणी बोलावण्याची वाट न पाहता, पदरचा पैसा घालून त्यांनी कॅमेरा उभा केला. त्या काळी फिल्मचे रीळ म्हणजे हातातोंडाशी गाठ असलेल्या माणसाला परवडणारी गोष्ट नव्हती. त्या दिवशी लाखो लोक रडत होते. व्हटकरही रडले असतील, पण त्यांना कॅमेऱ्याची विद्या येत होती, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो दिवस पाहता आला. दुःख सर्वांजवळ होते, विद्या थोड्यांजवळ होती.

बाबासाहेबांना हे आधीच उमगले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात आपले म्हणणे येईल म्हणून ते थांबून राहिले नाहीत. त्या काळी साधन छापखान्याचे होते, आज चित्राचे आणि आवाजाचे आहे.

कोणी म्हणेल, व्हटकर मुंबईतले, शिकलेले. आपल्यासारख्या खेड्यापाड्यातल्या लोकांचे काय? तर आता मुंबईकडे न जाता उलट दिशेने चला. आपल्या देगलूरच्या पुढे, बिदरच्याही पलीकडे, तेलंगणात जहीराबाद आहे. तिथल्या पस्तापूर भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था गरीब शेतकरी बायांचे संघ चालवते. त्या बहुतेक दलित, आणि कित्येकींना अक्षरओळख नाही. अशा बायांनी कॅमेरा शिकून घेतला. बियाणे, शेती, दुष्काळ यांवर स्वतः चित्रफिती काढल्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावात त्यांचे 'संघम रेडिओ' नावाचे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू झाले. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या सामुदायिक रेडिओंपैकी ते एक.

या बायांनी केलेली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. कॅमेरा वरून खाली रोखला की समोरचा माणूस लहान, दबलेला दिसतो. खालून वर रोखला की मोठा, दांडगा दिसतो. पुस्तकात याला इंग्रजी नावे आहेत. या बायांनी स्वतःची नावे ठेवली. वरून खाली पाहणे म्हणजे पटेल शॉट, कारण गावचा पटेल आपल्याकडे तसा पाहतो. खालून वर पाहणे म्हणजे राबणाऱ्या गड्याची नजर. आणि समोरच्याच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा धरणे म्हणजे संघम शॉट, कारण संघात सगळे एका पातळीवर बसतात.

हे आम्ही कॉलेजात ऐकले आणि आमची दुसरी चूक ध्यानात आली. आजी जमिनीवर बसल्या होत्या आणि आमचा कॅमेरा उंच स्टँडवर होता. आवाज तर घालवलाच, वर आमच्याच आजीकडे आम्ही पटेलाच्या नजरेने पाहिले. समता विहारात तोंडपाठ करणे सोपे असते, पण ती हातातल्या कॅमेऱ्यात उतरवायला शिकावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या माणसाचे. 'सैराट' पाहिला नाही असे घर वस्तीत शोधून सापडणार नाही. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे नाव मोठे आहे. ती १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे, पण तिथल्या जागा मोजक्या. मंजुळे यांनी हे शिक्षण घेतले ते अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेसाठी तळमळणाऱ्या गरीब पोराची ती गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ साली 'फँड्री' आणि २०१६ साली 'सैराट' आला. सांगायचा मुद्दा असा की जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात केलेल्या गृहपाठापासून ही वाट सुरू झाली. आमच्यातला प्रत्येक जण मंजुळे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण दार पुण्या-मुंबईतच आहे, हा समज काढून टाका.

आता माय-बापांच्या मनातला खरा प्रश्न. खर्च किती आणि पोट भरेल काय?

आधी शिक्षणाचे. बारावीनंतर प्रमाणपत्र, पदविका, पदवी असे वेगवेगळ्या मुदतीचे कोर्स असतात. पदवीनंतर एम. ए. करता येते. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. स्थानिक गरज पाहून कमी मुदतीचे, हाताला काम देणारे शिक्षण द्यावे, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. अमेरिकेत अशी कॉलेजे शंभर वर्षांहून जुनी आहेत, इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावचे १९०१ सालचे. तिथे दिवसा कामाला जाणारा माणूस सायंकाळी शिकायला येतो. शिक्षण पोरांच्या गावापर्यंत आले पाहिजे, ही त्यामागची कल्पना आपल्याला सोयीचीच आहे.

प्रवेश घेण्याआधी मात्र चार गोष्टी विचारा. कोर्स शासनमान्य आहे काय? मान्य असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना नियमाप्रमाणे भारत सरकारची शिष्यवृत्ती मागता येते. खाजगी क्लासच्या कागदावर ती मिळत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. दुसरे, किती मुलांमागे एक कॅमेरा आहे? तिसरे, संकलन, म्हणजे एडिटिंग, मुले स्वतः करतात की नुसते बघतात? चौथे, आवाजाचे शिक्षण वेगळे आहे काय? या चौथ्या प्रश्नाला तोंड वाकडे करणाऱ्या ठिकाणी आपले पोर घालू नका, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

पोटाचे म्हणाल तर खोटे बोलणार नाही. पहिल्या दिवशी खुर्ची मिळत नाही. लग्नसराईत काम असते, पावसाळ्यात हात रिकामे राहतात. आमच्यातला एक जण आजही लग्नाची शूटिंग करतो आणि त्याची त्याला लाज नाही. दुसरा शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित करून देतो. बहीण संकलन करते. तिचे काम घरी बसून होते, पण तिला कॉलेजात पाठवताना घरात तीन दिवस चूल थंड होती, हेही सांगितले पाहिजे. "पोरगी खांद्यावर कॅमेरा घेऊन गावात हिंडणार काय?" असे वडील म्हणाले होते. आज घरात सगळ्यात नियमित कमाई तिची आहे. आणि बायांच्या मनातले बोलणे कॅमेऱ्यासमोर काढायचे असेल तर समोर बाई लागते. आजीने जे तिला सांगितले ते आम्हा दोघांना कधीच सांगितले नसते.

कामाची रीतही थोडक्यात सांगतो, म्हणजे गूढ राहणार नाही. आधी कागदावर लिहायचे की कोणाला, काय विचारायचे. मग जागा पाहायची. खिडकी माणसाच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. पंखा-कुलर बंद करायचा, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर लावायचा. डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा. माणूस बोलायचा थांबला तरी दहा सेकंद तसेच थांबायचे, कारण खरी गोष्ट पुष्कळदा त्यानंतर निघते. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे धरतात. कापताना कुठले ठेवायचे हा निर्णय असतो, आणि तिथे इमान लागते. बोलणाऱ्याच्या वाक्याचा अर्थ फिरेल असे कापणे म्हणजे मुसावादच. चौथे शील संकलनाच्या टेबलावरही पाळावे लागते. शेवटी जपणूक. एकाच मोबाईलमध्ये ठेवले की गेले म्हणून समजा. दोन प्रती, दोन घरांत.

समितीकडे आमचे एक मागणे आहे आणि एक देणे आहे. मागणे हे, की वस्तीतल्या सत्तरीपुढच्या सर्व माणसांची यादी करून द्या. ज्यांनी नामांतराचा लढा पाहिला, १४ जानेवारी १९९४ चा दिवस पाहिला, ज्यांना जुनी गाणी येतात, ते सगळे. आणि देणे हे, की दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तिघे इथे येऊ. एका रविवारी एक माणूस. वस्तीतली दहावी-बारावीची जी पोरं-पोरी सोबत येतील त्यांना हातात कॅमेरा देऊन शिकवू, फी नाही. एक प्रत विहारात राहील, एक त्या घरी.

घरोघरी ट्रंकेत लग्नाच्या, जयंतीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून आहेत, त्याही आणा. बुरशी चढायच्या आत त्यांची नवी प्रत करून घेऊ. जुन्या जयंतीच्या मिरवणुकीत कोणाचे आजोबा, कोणाची आई चालताना सापडेल, सांगता येत नाही.

आमच्या आजीचा आवाज आता परत येणार नाही. पण समोर बसलेल्या या मावश्या, या काकू, या आज्या अजून बोलतात. त्यांचे ऐकायला आणि जपायला आपलीच पोरं कॅमेऱ्यामागे उभी राहावीत, एवढीच आमची विनंती आहे. येत्या रविवारपासून सुरुवात करू. कुलर मात्र बंद ठेवा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.